सातव्या फळीवरचा खांदा

१

फाईल नाहीशी झाल्याचं शिडीरावांना सकाळी सव्वानऊला कळलं आणि ते खाली बसले. शिडीराव बसले की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं, कारण त्यांना पूर्ण बसायला बराच वेळ लागतो. ते आमच्या दप्तरखान्याचे राखणदार. उंची अशी की कचेरीने आजवर शिडी घेतलेली नाही. दरवर्षी शिडीची मागणी जाते आणि दरवर्षी त्यावर शेरा पडतो, की शिडी उपलब्ध आहे, नोकरीत आहे.

आमची कचेरी म्हणजे माजी सैनिकांचं अपील मंडळ. लढाईत अंगाचं काही मोडलं आणि खात्याने ते मोडलंच नाही असं कळवलं, की माणूस आमच्याकडे येतो. मी खांदे विभागात कारकून आहे. कान तळमजल्यावर, खांदे पहिल्यावर. गुडघे तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट नाही.

गेलेली फाईल पाटीकाकांची होती. त्यांचं अपील त्याच दिवशी बारा वाजता होतं, तिसरं आणि शेवटचं. सुनावणीच्या वेळी मूळ फाईल टेबलावर नसेल तर अपील निकाली निघतं, आणि शेवटचं असेल तर कायमचं, असा आमच्याकडे नियम आहे. फाईल कचेरीनेच हरवलेली असली तरी. हा नियम कोणी केला ते पाहायला गेलं, तर ती फाईल सापडत नाही.

पाटीकाका भिंतींवर दुकानांच्या पाट्या रंगवतात. पूर्वी दारांच्या माथ्यावर रंगवायचे. उजवा हात जसजसा वर जाईनासा झाला तसतशा पाट्याही खाली आल्या. आता आमच्या भागात केस कापायच्या दुकानाचं नाव कमरेपाशी आहे, आणि चष्म्याच्या दुकानाचं नाव वाचायला लोक उकिडवे बसतात. अपील मंजूर झालं तर सैनिकी रुग्णालयात त्यांच्या खांद्यावर शस्त्रक्रिया होणार होती. नाहीतर ते उरलेलं आयुष्य बसून झोपणार होते. आडवं झालं की खांदा झोपू देत नाही, म्हणून नऊ वर्षं ते खुर्चीत झोपतात. काकू शेजारच्या पलंगावर, खुर्चीकडे तोंड करून.

मी बाहेर आले तेव्हा दोघं बाकावर बसले होते. काकांच्या गळ्यात नेहमीची कापडी झोळी, तिच्यात उजवा हात. काकूंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आज संपेल ना गं हे सगळं?"

मी म्हटलं, हो, आज संपेल. खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

२

अध्यक्षांनी चौकशी मोजणीबाईंकडे दिली, कारण आदल्या दिवशी त्या रजेवर होत्या आणि म्हणून कचेरीत संशयाबाहेर त्या एकट्याच उरल्या होत्या. बाई सांध्यांचे कोन मोजतात. हात किती अंश वर जातो, किती मागे जातो, कुठे अडतो. सवय इतकी की माणूस दारातून आत आला की आधी त्याचे अंश दिसतात आणि मग चेहरा. माझी मान बारा अंश पुढे आलेली आहे हे त्या मला रोज सांगतात, जणू उरलेल्या अंशांची जबाबदारी माझी आहे.

त्यांनी मला आदल्या दिवसाबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं, आणि सांगताना मला जरा अभिमानही वाटत होता, तो पुढे उतरला.

अकरा वर्षं हे अपील एका ट्रकवर अडलं होतं. काकांनी अर्जात लिहिलं होतं की लढाईत ट्रकमधून पडलो आणि खांदा निखळला. खात्याचं म्हणणं, त्या दिवशी त्या तुकडीकडे ट्रकच नव्हता. अकरा वर्षं आम्ही एक ट्रक शोधत होतो. शेवटी मी ट्रकचा नाद सोडला आणि माणूस शोधला. काकांबरोबर त्याच दिवशी जखमी झालेला एक वायरलेसवाला होता. आठ पत्रं पाठवल्यावर त्याने आपली साक्ष लिहून बंद लिफाफ्यात पाठवली. साक्ष पहिल्यांदा अपीलकर्त्याने वाचायची असा नियम, म्हणून मीही ती वाचली नव्हती. लिफाफा तसाच, आतल्या कागदासकट, फाईलला दोऱ्याने शिवला. सगळी फाईल मिळून बोटभर जाड. अकरा वर्षांत आम्ही त्याहून जास्त काही केलं नव्हतं.

आदल्या दिवशी अकरा वाजता काका फाईल पाहायला आले. मी म्हटलं, काका, तुमचा साक्षीदार सापडला. त्यांनी लिफाफा उघडला, आतला कागद उभ्यानेच वाचला आणि त्याची परत घडी घातली. मग ही साक्ष उद्या कशी घेतात, एवढं विचारलं. मी सांगितलं, मोठ्याने वाचतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्यांसमोर. वाचायचं काम माझंच. त्यांनी विचारलं, घरचे लोकही आत असतात का? मी म्हटलं, असतात म्हणजे काय, काकूंना मी पुढच्या रांगेत बसवते.

"बरं," काका म्हणाले.

शिडीरावांनी फाईल सातव्या फळीवर ठेवली, गठ्ठ्याच्या तळाशी, आणि डबा खायला अंगणात गेले. अर्धा तास दाराला नुसती कडी होती. परत आले ते संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत दारातून हलले नाहीत. म्हणजे जे काही झालं ते त्या अर्ध्या तासात. तेव्हा पहिल्या मजल्यावर आम्ही चौघं होतो. मी, काका, काकू, आणि खात्याचे डॉक्टर, ज्यांनी काकांचा खांदा ठीक असल्याचा अहवाल दिला होता. अंगणातले शिडीराव धरले तर पाच.

बाई दप्तरखान्यात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी डोकावले तर त्या जमिनीवर गुडघे टेकून सगळ्यात खालची फळी पाहत होत्या.

"हे इथलं नाही," त्या म्हणाल्या.

खालच्या फळीवर अकरा फायली होत्या. क्रमाने लावलेल्या, कडा इतक्या सरळ की वरून पट्टी फिरवावी. शिडीराव वाकून बघायला लागले, आणि वाकता वाकता त्यांचा चेहरा उतरला. त्या अकराही फायली सातव्या फळीवरच्या होत्या.

३

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की मग गोष्ट अगदी सोपी आहे.

चोरी ज्याला हवी त्याने केली, असं त्यांचं म्हणणं. नव्या साक्षीत ट्रकचं खोटं उघडं पडत असणार, म्हणून काकांनीच फाईल पळवली. आणि काकांनी पळवली असेल तर त्यांचा हात सातव्या फळीपर्यंत गेला. सातव्या फळीपर्यंत गेला असेल तर खांदा ठीक आहे. म्हणजे डॉक्टरांचा अहवाल बरोबर.

"आणि त्यांनी नसेल पळवली?" मी विचारलं.

"तर फाईल नाही," डॉक्टर म्हणाले. "मग अपीलही नाही."

मी हे मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. चोर सापडला तर काका हरत होते, आणि नाही सापडला तरी हरत होते. इतकं पक्कं बांधकाम आमच्या इमारतीचंही नाही.

त्या अहवालाची गंमत मला ठाऊक होती. डॉक्टरांनी काकांचा हात स्वतःच्या हाताने उचलला होता आणि काका ओरडेपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. काका ओरडले नाहीत. सैनिक माणूस, डॉक्टरांसमोर ताठ उभा. डॉक्टरांनी लिहिलं, एकशे पन्नास अंश, तक्रार नाही. मोजणीबाईंनी नंतर काकांना स्वतः हात उचलायला सांगितला तेव्हा तो पंचावन्नला थांबला होता आणि काकांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

साडेदहा वाजले. अध्यक्षांनी निरोप पाठवला की बारानंतर ते एक मिनिटही थांबणार नाहीत, आणि चोर अपीलकर्ताच निघाला तर पोलिसांनाही कळवावं लागेल.

निरोप ऐकून बाईंनी मला दप्तरखान्यात बोलावलं आणि शिडीरावांच्या लाकडी खुर्चीवर चढायला सांगितलं.

४

खुर्चीवर चढल्यावर माझा हात सातव्या फळीला आरामात पोचला, आणि कचेरीत माझ्याहून बुटकं कोणी नाही. बाईंनी मान हलवली आणि मला तसंच उभं ठेवून बोलायला लागल्या. मी अर्धा तास आरोपी म्हणून खुर्चीवर उभी होते.

कोपऱ्यात झरोका उघडायची आकडीची लांब काठी असते. बाईंनी त्या अकरा फायलींचे पुठ्ठे मला दाखवले. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्याला आकडीने ओढल्याचा चिरा होता. म्हणजे चोराने फायली खालून, काठीने, एकेक करून ओढल्या आणि झेलल्या. दोन झेलता आल्या नव्हत्या, त्यांचे कोपरे चेपले होते.

"खोलीत खुर्ची आहे," बाई म्हणाल्या. "मग काठी का घेतली?"

शिडीरावांना खुर्चीही लागली नसती, डॉक्टरांनाही नाही, टाचा उंचावल्या की झालं. मी खुर्ची घेतली असती, ते नुकतंच सिद्ध झालं होतं. खुर्ची समोर असून काठी घेतो तो एकतर खुर्चीवर चढू शकत नाही, किंवा चढूनही त्याचे दोन्ही हात वर जात नाहीत; गठ्ठ्याच्या तळची फाईल काढायची तर एक हात गठ्ठा उचलायला लागतो आणि एक ओढायला. चढू शकत नाहीत त्या काकू. त्यांचे गुडघे इतके गेलेत की त्या पहिल्या मजल्यावर येतात तेच मुळी दोन टप्प्यांत. आणि दोन्ही हात वर जात नाहीत ते काका.

मी म्हटलं, मग काकूंनी घेतली असेल.

बाईंनी खालच्या फळीकडे बोट दाखवलं. "इतक्या खाली अकरा फायली कडेला कड लावून ठेवायच्या तर उकिडवं बसावं लागतं, आणि परत उठावंही लागतं. काकूंचे गुडघे मीच मोजलेत."

मग त्यांनी जे म्हटलं ते मी नंतर शब्दशः टिपून ठेवलं. "चोर कोणीही असता तरी फायली परत वरच ठेवल्या असत्या, म्हणजे दिवसभर कोणाला कळलं नसतं. याने खाली ठेवल्या. पसारा करून जाणं याला जमत नाही, आणि वर ठेवणंही जमत नाही. डॉक्टर म्हणतात, त्याने घेतली असेल तर खांदा ठीक आहे. उलट आहे. ही चोरी ठीक खांद्याचा माणूस करूच शकत नाही. गेल्या अकरा वर्षांतली खांद्याची सगळ्यात चांगली तपासणी या खोलीत झाली, आणि ती पाहायला कोणी नव्हतं."

मी खुर्चीवरून उतरले. अकरा वीस झाले होते. चोर कळला होता, कशी केली ते कळलं होतं, आणि आता खांदाही सिद्ध झाला होता. एकच गोष्ट समजत नव्हती. आपल्याच बाजूची साक्ष कोणी कशाला चोरेल?

"ती साक्ष त्याच्या बाजूची आहे, हे तुला कोणी सांगितलं?" बाई म्हणाल्या. "आधी फाईल आणू या."

मी विचारलं, कुठून.

"ज्या हाताकडे बघायला सगळ्यांना अवघड वाटतं, तिथून."

५

काका बाकाच्या टोकाला बसले होते. बाई त्यांच्या शेजारी बसल्या, हळू आवाजात म्हणाल्या की फाईल झोळीत आहे हे मला ठाऊक आहे, आणि मी कोणाला बोलावलेलं नाही. काकांनी नाकारलं नाही. उलट त्यांना जरा सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून बाजूला घेतला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि त्याखालून फाईल काढून दिली.

त्यांना वाटलं होतं, फाईल नसली तर तारीख पुढे जाईल. तेवढ्यात साक्ष मागे घेण्याचं काहीतरी निघेल. लिफाफा तेवढा काढायचा प्रयत्न त्यांनी केला होता, पण शिवणीचा दोरा उसवायला दोन हात लागतात.

बाईंनी सांगितलं की साक्ष मागे घेता येते. आत्ताही. कागदावर एक सही. पण मग खांदा कशाने गेला याला पुरावा उरत नाही, परत तो ट्रक उभा राहतो, आणि अपील जातं. शस्त्रक्रियाही.

"जाऊ दे," काका म्हणाले. "मला बसून झोप लागते."

त्यांनी सहीसाठी डावा हात पुढे केला. मी कागद घेऊन परत आले तर काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. बाकाच्या दुसऱ्या टोकापासून त्यांना इथवर यायला जेवढा वेळ लागला असेल, तेवढं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"मला माहीत आहे झोळीत काय होतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सकाळी झोळी कोणी बांधली? रोज तुमची बटणं मी लावते, हात बाहीत मी घालते. फाईल पोटाशी लावून उभे राहिलात आणि मला कळणार नाही?"

बाई उठल्या आणि काकू त्यांच्या जागी, काकांशेजारी बसल्या.

"वाचली नाही मी. तुम्ही लपवलीत म्हणून नाही वाचली. पण तुमचा खांदा मी नऊ वर्षं रात्रंदिवस बघतेय. तो कशाने गेला, ते ऐकू द्या मला."

काकांनी मान हलवली, नाही म्हणून. मग आपल्या चपलांकडे बघत राहिले. बाईंनी सहीचा कागद माझ्या हातातून घेतला आणि दोघांच्या मधे बाकावर ठेवला, पेनसकट. बाराला सात मिनिटं होती. कोणी पेन उचललं नाही. शेवटी काकाच उठले, आणि काकूंना उठायला मदत लागते म्हणून डावा हात पुढे केला.

६

बारा वाजता फाईल टेबलावर होती. बाईंनी फायलींचे चिरे, खुर्ची, काठी आणि खालची फळी असं सगळं अध्यक्षांसमोर मांडलं, आणि फाईल अपीलकर्त्याने वेळेत आणून दिली, म्हणजे पोलिसांचं काम उरलं नाही, असंही नोंदवायला लावलं. डॉक्टर एकदा बोलायला उठले, मग बसले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे साक्ष वाच.

मी आजवर दीडशे साक्षी वाचल्या असतील. माझा आवाज सपाट आहे म्हणून मला हे काम दिलंय. हसू किंवा रडू येईल असं मी काही वाचत नाही, अशी माझी ख्याती आहे.

वायरलेसवाल्याने लिहिलं होतं की त्या दिवशी ट्रक नव्हता. पूल होता, अर्धा उडालेला. त्याचा स्वतःचा पाय काठावर लाकडाखाली अडकला होता, म्हणून त्याला जाता आलं नाही, पण दिसत सगळं होतं. पुलाच्या तुटलेल्या टोकाला एक जण पालथा पडला होता आणि त्याने उजव्या हाताने दुसऱ्याला धरलं होतं. दुसरा खाली लोंबत होता. त्याचं नाव लिहिलं होतं. ते वाचलं तेव्हा काकूंनी शेजारच्या खुर्चीची पाठ धरली, कारण ते त्यांच्या सख्ख्या भावाचं होतं.

एकतीस वर्षांपूर्वी काकूंच्या माहेरी बातमी घेऊन जाणारा सैनिक म्हणजे काकाच. त्यांनी सांगितलं होतं, एक गोळी, जागच्या जागी, त्याला कळलंही नाही. मग ते अधूनमधून त्या घरी येत राहिले, आणि दोन वर्षांनी त्या घरचे जावई झाले. ट्रक त्या एका गोळीसाठी लागला होता, पुलाचं नाव निघू नये म्हणून.

मी पुढे वाचलं. "खांदा निखळल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. त्यानंतरही त्याने हात सोडला नाही. दोघं काहीतरी बोलत होते. एकदा मला हसल्यासारखं ऐकू आलं. मग हात सुटला. सोडला असं मी म्हणणार नाही. मी बघत होतो." खाली सही होती आणि सहीखाली पत्ता, पिनकोडसकट, आणि तो पिनकोडही मी वाचला, कारण थांबायचं कुठे ते मला कळेना.

अध्यक्षांनी डॉक्टरांना विचारलं, काही म्हणायचंय का. डॉक्टर नाही म्हणाले. अध्यक्षांनी कागदावर 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि कागद काकांना दिसेल असा फिरवला. काका कागदाकडे बघत नव्हते. ते काकूंकडे बघत होते, बघायची हिंमत नसल्यासारखे, पण बघत होते.

"किती वेळ?" काकूंनी विचारलं.

"अठरा मिनिटं. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. माझ्या डोळ्यांसमोरच."

शिडीराव दारात उभे होते, त्यांनी डोकं चौकटीला टेकवलं. मग काकूंनी विचारलं, दादा काय बोलत होता.

काका म्हणाले, "गोष्ट सांगत होता. मला म्हणाला, खांद्याकडे लक्ष देऊ नकोस, गोष्ट ऐक. एक बकरी पोस्टात रांगेत उभी असते. तास होतो, दोन तास होतात. हळूहळू पुढे सरकते. शेवटी तिचा नंबर येतो. खिडकीवरचा माणूस विचारतो, काय पाहिजे?"

ते थांबले. "एवढीच सांगून झाली."

काकूंनी पदराने तोंड पुसलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"बकरी म्हणते, काही नाही," त्या म्हणाल्या. "रांग दिसली म्हणून उभी राहिले."

काकांचे ओठ हलले. त्यांनी ते मनात एकदा म्हणून पाहिलं असावं. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला, आणि हसणं आहे की काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खांदा हलायला लागला तशी काकूंनी त्यांच्या कोपराखाली हात धरला.

"मला इतकी वर्षं वाटायचं," काका म्हणाले, "तिला तिकीट पाहिजे असेल."

"नाही हो," काकू म्हणाल्या. "काहीच नको होतं तिला."